पाटी डॉक्टरांची, परवाना कोणाचा?
वाचकांचे प्रश्न : दवाखाना चालवणारी व्यक्तीच गेली किंवा अंथरुणाला खिळली तर

प्रश्न : माझे मिस्टर स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बार्शी भागात आमचं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. महिन्यापूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. मी वाणिज्य पदवीधर, हिशेब मीच बघायचे. ओळखीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई ‘उद्यापासून येते’ म्हणतात. सोनोग्राफी मशीन, ऑपरेशन थिएटर, नर्स, सगळं जागच्या जागी आहे. सुरू केलं तर काय हरकत आहे?

बाई ओपीडी बघायला उद्या बसू शकतात. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहून. पण सोनोग्राफी मशीनला त्यांनी हात लावायचा नाही आणि नवे पेशंट भरतीही करायचे नाहीत. ‘सगळं जागच्या जागी आहे’ असं दिसत असलं तरी भिंतीवरचे कागद ज्यांच्या नावाचे आहेत, ते आता नाहीत.

सर्वांत आधी सोनोग्राफीचं बघा, कारण कुटुंबं सर्वाधिक अडचणीत येतात ती इथेच. गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याखालचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, पण ते हस्तांतरित होत नाही. मालकी किंवा व्यवस्थापन बदललं की प्रमाणपत्राच्या दोन्ही प्रती समुचित प्राधिकाऱ्याकडे परत द्यायच्या आणि नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा. तुमच्या भागात हे प्राधिकारी जिल्हा शल्यचिकित्सक असतील किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. महापालिका असेल तिथे पालिकेचे आरोग्य अधिकारी. त्यांना मृत्यू दाखल्यासह पत्र द्या आणि ‘मशीन वापरात नाही, सील करावं’ अशी विनंती त्याच पत्रात स्वतःहून करा. पंचनाम्यात मशीनचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि प्रत्येक प्रोबचा (पोटावर फिरवायच्या भागाचा) वेगळा क्रमांक लिहून घ्या. पुढे मशीन विकताना किंवा नव्या नोंदणीत दाखवताना एका प्रोबचा क्रमांक जुळला नाही, तरी खुलासे देत बसावं लागतं. मशीन विकायचं झालं तर फक्त नोंदणीकृत केंद्रालाच. भंगारवाला किंवा बिननोंदणीचा डॉक्टर कितीही पैसे देवो.

मिस्टरांच्या हयातीतले एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या नोंदीचे फॉर्म, हा नाजूक भाग आहे. दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जायचा असतो. ज्या महिन्यात ते गेले, त्याचा त्या दिवसापर्यंतचा अहवाल तुम्ही पत्रासोबत द्या. एखाद्या फॉर्मवर सही राहिली असेल तर ती राहू द्या. तशी टीप लिहून फॉर्म तसाच जमा करा. ‘साहेबांची सही मला जमते’ म्हणणारा माणूस बहुतेक दवाखान्यांत असतो, त्याला फाइलींपासून लांब ठेवा. या कायद्यात कागद अपुरा ठेवणं हाही गुन्हा आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली आहे. नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या, आणि काही प्रकरण चालू असेल तर ते निकाली निघेपर्यंत.

आता खाटा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालची नोंदणी अर्ज केलेल्या व्यक्तीची असते, इमारतीची नसते. तिची मुदत तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. मुदत शिल्लक आहे म्हणून तिच्यावर नवा पेशंट भरती करणं चूक. तुम्ही डॉक्टर नाही म्हणून मालक होऊ शकत नाही, असं मात्र नाही. जागा, खाटा, उपकरणं तुमची असू शकतात, प्रभारी म्हणून पात्र डॉक्टर दाखवावा लागतो. अर्ज तुमच्या नावाने करायचा की बाईंच्या, हे पहिल्या आठवड्यात ठरवा, कारण पुढचे बहुतेक कागद त्याच नावावर जातील. जैववैद्यकीय कचऱ्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, अग्निसुरक्षेचं दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं प्रमाणपत्र, क्ष-किरण यंत्र असेल तर अणुऊर्जा नियामक परिषदेच्या पोर्टलवरची नोंद, आरोग्य विम्याच्या कंपन्यांशी करार, गर्भपात केंद्राची मान्यता, सगळंच. अर्ज एकाच्या नावाने आणि कचऱ्याचा करार दुसऱ्याच्या नावाने असा घोळ झाला की तपासणीला येणारे तिथेच बोट ठेवतात.

खर्चाचं गणित आधी मांडा. सोनोग्राफीच्या नव्या अर्जावर निर्णय कळवायला प्राधिकाऱ्याला ९० दिवसांची मुदत आहे. म्हणजे तीन महिने सोनोग्राफीचं उत्पन्न शून्य धरून चाला. गरोदर बायकांना जवळच्या नोंदणीकृत केंद्रात चिठ्ठी देऊन पाठवा आणि त्या केंद्राकडून ‘काही’ घेऊ नका. नियमांनुसार एक डॉक्टर एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करू शकतो. तुमच्या बाई आधीच दोन ठिकाणी जात असतील, तर तुमच्या अर्जावर त्यांचं नाव चालणार नाही. हे त्यांना आजच विचारा, फी भरल्यावर नको. एकट्या सोनोग्राफी केंद्राची फी २५ हजार आणि अनेक सेवा एकत्र असलेल्या रुग्णालयाची ३५ हजार आहे.

मिस्टर गेले त्या दिवशी जे पेशंट भरती होते, त्यांच्या फाइली आजही काढून बघा. ज्या डॉक्टरांनी पुढे सांभाळलं, त्यांनी ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, या स्थितीत रुग्ण माझ्याकडे घेतला’ असं स्वतःच्या सहीने लिहिलेलं असावं. डिस्चार्ज कार्डावर त्यांचंच नाव हवं. गडबडीत मिस्टरांच्या शिक्क्याने कार्ड दिलं गेलं असेल तर एव्हाना ते पेशंटच्या हातात आहे. जमल्यास बदलून द्या.

थिएटरच्या कपाटात फेंटानिल, मॉर्फीन, केटामाईन अशी कडक नियंत्रणाखालची वेदनाशामक आणि भुलीची औषधं असतील. दोन साक्षीदारांसमोर इंजेक्शनं मोजून रजिस्टरशी ताळा करा, कपाटाला कुलूप लावा आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा. सिंकमध्ये ओतून मोकळं व्हायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. विमा कंपन्यांकडून येणं असलेल्या बिलांचा टीडीएस मिस्टरांच्या पॅनवर कापला जात असेल. त्यांच्या मृत्यूपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून तुम्ही भरायचं. नंतर हाती आलेली थकीत फी ज्याला मिळाली त्याच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. मोबाईलचं सिमकार्ड बंद करू नका. पेशंटचे फोन त्यावर येतात आणि प्राप्तिकर, प्रदूषण मंडळ, नियामक परिषद यांचे ओटीपीही. मृत्यू दाखला देऊन नंबर स्वतःच्या नावावर करून घेता येतो. पण त्याच ओटीपीवर मिस्टरांच्या खात्यातून पैसे काढू नका. इतर वारसांशी उद्या वाद झाला तर तो व्यवहार बँकेच्या उताऱ्यावर तारखेनिशी दिसणार आहे.

प्रश्न : बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात चालत नाही, बोलणं अडखळतं, पण डोकं पूर्ण शाबूत आहे. नाशिकमध्ये त्यांचा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. २२ वर्षांचा अनुभव असलेले कंपाउंडर काका ‘जुने पेशंट आहेत, तीच औषधं देतो’ म्हणतात. बाबा बरे होईपर्यंत असं चालेल का?

नाही. काकांच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण औषध देण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधीच नव्हता. डॉक्टर स्वतःच्या पेशंटला स्वतः औषध देतो, दुकान मांडत नाही, म्हणून त्याला औषधविक्रीच्या परवान्यातून सूट आहे. डॉक्टर खुर्चीत नसला की त्या सुटीचा आधारच जातो. मग कपाटातल्या गोळ्या देणं ही बिनपरवाना विक्री, आणि ‘ताप आहे, हे घ्या’ म्हणणं हा नोंदणी नसताना केलेला वैद्यकीय व्यवसाय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. एखाद्याला इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर पोलीस आधी काकांना नेतील आणि दुसरा प्रश्न ‘दवाखाना कोणाचा?’ हा असेल.

बाबांच्या टेबलावर सही केलेली कोरी लेटरहेडं आणि कोऱ्या सर्टिफिकिटांचं पुस्तक आहे का, ते आज बघा. अनेक जुन्या दवाखान्यांत असतं. असेल तर आडवी रेघ मारून रद्द करा आणि घरी आणा.

बाबांचं डोकं शाबूत आहे, ही फार मोठी जमेची बाजू आहे, आणि तिला मुदत असू शकते. बँक, प्राप्तिकर, जागेचं भाडं, नोकरांचे पगार यांसाठी तुमच्या किंवा आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र याच आठवड्यात करून घ्या. बाबांना उठवत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, त्यासाठी कारणासह अर्ज द्यावा लागतो. त्याच दिवशीचा न्यूरॉलॉजिस्टचा दाखला जोडा : रुग्णाला कळतं, तो निर्णय घेऊ शकतो. बँकेत सही जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा अधिकारी.

घाईचं कारण असं. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की ते तिथेच संपतं. ‘मी बेशुद्ध झालो तरी हे चालू राहील’ असं त्यात लिहिलं तरी उपयोग नाही. ज्या दिवसासाठी लोक ते करून ठेवतात, नेमक्या त्याच दिवशी ते गळून पडतं. माणूस कोमात गेला तर घरच्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका पत्नीला अशी नेमणूक दिली आहे. त्यात वैद्यकीय मंडळाचा अहवाल, मालमत्तेची यादी, इतर वारसांची संमती या साऱ्यात काही महिने जातात आणि तोवर खातं अडकून राहतं.

बाबांनी घरून फोनवर पेशंट बघायचे का? २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर दूरस्थ सल्ला देऊ शकतो. पण पेशंटशी बोलणं त्याने स्वतः करायचं, नोंद ठेवायची आणि चिठ्ठी त्याच्याच सहीची हवी. बोलणं अडखळत असताना ‘काका विचारतात, बाबा हुं म्हणतात’ असा प्रकार होणार असेल तर तो टेलिमेडिसिन नव्हे. स्पीच थेरपिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट हिरवा कंदील देईपर्यंत दुसरे डॉक्टर दिवसातून दोन तास बसवा. काका पेशंटना नावानिशी ओळखतात. नव्या डॉक्टरांशेजारी त्यांनी केसपेपर काढून देणं हे काम लाखमोलाचं आहे, तेच द्या.

प्रश्न : पत्नी दंतवैद्य होती. गिरगावात पागडीच्या जागेत तिचं क्लिनिक होतं. ती गेल्यावर तिच्या वर्गमैत्रिणीला ते चालवायला द्यावं असं वाटतं. मी बँकेत नोकरी करतो.

आधी जागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार व्यवसायासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत तिथे व्यवसाय करणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल तर वारस. त्यामुळे तुमचा हक्क उभा राहतो. पण तुम्ही मालकाच्या संमतीशिवाय मैत्रिणीला आत बसवलंत, तर ते पोटभाडेकरू ठेवणं धरलं जाऊन जागा खाली करून मागायला कारण मिळतं. भाडेपावती आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, मग मालकाची लेखी संमती घ्या, मग करार. जागा लिव्ह अँड लायसन्सवर असती तर चित्र वेगळं असतं. ती परवानगी व्यक्तीपुरती असते, वारसांना मिळत नाही, मालकाशी नवा नोंदणीकृत करार करावा लागतो.

दातांच्या दवाखान्यात एक गुंता इतरांपेक्षा मोठा असतो : पैसे आधी घेतलेले आणि काम अर्धं. तारा बसवलेला पेशंट दीड-दोन वर्षं चालतो. वर्गमैत्रिणीला घेऊन एक वही करा. प्रत्येक चालू पेशंटसमोर कामाचा प्रकार, कुठवर आलंय, एकूण ठरलेली रक्कम, जमा झालेली रक्कम. तारांच्या पेशंटसाठी ब्रॅकेटचा प्रकार आणि शेवटची तार कुठल्या मापाची होती ते. इम्प्लांटच्या पेशंटसाठी कंपनी, लांबी-व्यास आणि लॉट क्रमांक. पाकिटावरचा स्टिकर बहुधा केसपेपरवर चिकटवलेला असतो. तो सापडला नाही तर पुढच्या डॉक्टरला इम्प्लांटवर दात बसवताना कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल इथपासून शोधावं लागतं. जुन्या इम्प्लांटचे पेशंट दहा वर्षांनीही येतात, म्हणून ते स्टिकर कधीच टाकू नका.

लॅबला फोन करा. तयार होऊन पडलेल्या कॅप आणि कवळ्या असतात. बिल भरा, आणून संबंधितांना बसवून घ्या. महिना-दोन महिने गेले की शेजारचा दात सरकतो आणि कॅप बसेनाशी होते.

जमा रकमेपैकी जेवढं काम झालं नाही तेवढी रक्कम पत्नीच्या मिळकतीवरचं देणं आहे. मैत्रीण तीच कामं पुढे करणार असेल, तर तिला ती रक्कम तुम्ही द्यायची आणि पेशंटकडून पुन्हा घ्यायची नाही, असं करारात लिहा. तोंडी ठेवलं तर चौथ्या महिन्यात मैत्रीत वितुष्ट येतं. खुर्ची, काँप्रेसर, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) वापरात नसतील तर काँप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा, ऑटोक्लेव्ह कोरडा करा, खुर्चीच्या पाण्याच्या नळ्या रिकाम्या करा. तीन महिने बंद पडलेल्या खुर्चीची किंमत बघणारा माणूस नळ्यांचा वास आल्यावर दहा-वीस हजार सहज पाडतो.

प्रश्न : आमचे फॅमिली डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप आहे. माझी फाइल कशी मिळेल?

भरती झाला असाल तर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं आंतररुग्ण नोंदी ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. वारसांना लेखी अर्ज द्या, ओळखपत्राची प्रत जोडा, झेरॉक्सचा खर्च द्या. मूळ फाइल मागू नका, ती त्यांच्याकडे राहू द्या. नुसत्या ओपीडीचे कागद बहुधा तुमच्याच पिशवीत असतात. चालू औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स घेऊन नव्या डॉक्टरांकडे जा, त्यांचं निम्मं काम होतं. वारसांनाही सांगणं आहे. पेशंटची फाइल शेजाऱ्याला, दलालाला, ‘मी देतो नेऊन’ म्हणणाऱ्याला द्यायची नाही. प्रत द्या, सही घ्या. रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी पोलीस केस आणि ग्राहक आयोगाच्या फाइली बाजूला काढा. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण लहान मुलांच्या केसेस त्याहून जास्त जपाव्यात.

प्रश्न : दिवंगत वरिष्ठांची ओपीडी सहा महिने सांभाळायला मला त्यांच्या पत्नीने सांगितलं आहे. करारात काय हवं? त्या चाळीस टक्के मागतात.

टक्केवारीऐवजी जागा, उपकरणं आणि कर्मचारी यांसाठी महिन्याची ठरलेली रक्कम द्या. पेशंटच्या संख्येवर डॉक्टरने बिगरडॉक्टरला हिस्सा देणं हे वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेतल्या कमिशनच्या बंदीजवळ जातं. बाईंनाही ठरलेली रक्कम बरी, पावसाळ्यात ओपीडी वाढली का घटली हे त्यांना तपासत बसावं लागत नाही.

दवाखान्याचं जुनं नाव राहू शकतं. पण पाटीवर, चिठ्ठीवर, पावतीवर आज बसणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. तुमच्या व्यावसायिक विम्यात हा पत्ता घालून घ्या. बाईंनी साहेबांची विमा पॉलिसी फेकलेली नाही ना, तेही विचारा. या पॉलिसींत उपचार झाला तो दिवस नव्हे, दावा येतो तो दिवस धरतात, त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. साहेबांच्या जुन्या केसमध्ये उद्या नोटीस आली तर वारसांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरती असते, पण तेवढी असतेच. कंपनीला आजच लिहून पुढच्या दाव्यांसाठी संरक्षण मिळेल का ते विचारावं.

‘सहा महिन्यांनंतर दोन किलोमीटरमध्ये दवाखाना टाकणार नाही’ अशी अट त्या घालतील. करार कायद्याच्या कलम २७ मुळे मुदत संपल्यानंतरची अशी बंदी तुमच्यावर लागू करता येत नाही. तुम्ही दवाखान्याचा नावलौकिक तुमच्या मालकीचा असताना विकलात, तर मात्र वाजवी हद्दीतली बंदी चालते. म्हणजे बाई ज्याला कायमचं विकतील, त्याला तुमच्यापासून संरक्षण हवं असेल तर ते कागदाने मिळणार नाही. फोन नंबर, पेशंटची यादी आणि केसपेपर बाईंच्या ताब्यात राहतील, तुम्ही प्रत काढणार नाही, एवढं लिहा आणि पाळा.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, एकट्याने नर्सिंग होम चालवतो. आज काय करून ठेवू?

एक फाइल. पहिल्या पानावर प्रत्येक परवान्याचं नाव, कोणाच्या नावाने, संपण्याची तारीख, कुठल्या कार्यालयात. दुसऱ्या पानावर कुठलं पोर्टल कुठल्या मोबाईलला आणि कुठल्या ईमेलला जोडलंय. पासवर्ड इथे नकोत, ते वेगळ्या बंद पाकिटात. तिसऱ्या पानावर कोणाचं किती येणं, कोणाचं किती देणं, कर्ज, उपकरणांचे हप्ते. बँकेच्या चालू खात्यालाही नामनिर्देशन होतं. ते केलंय का बघा, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र वेगळं करा. औषधाचं दुकान आवारात असेल तर त्याचा परवाना स्वतंत्र ठेवा. भागीदारीतल्या दुकानाची घटना, म्हणजे भागीदार, बदलली तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा घ्यावा लागतो.

आसपासच्या दोन समव्यवसायी डॉक्टरांशी लेखी बोलून ठेवा : मी आडवा झालो तर पहिल्या २४ तासांत माझे भरती पेशंट तुम्ही घ्याल, मी तुमचे घेईन. त्यांचे नंबर नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावा, फाइलीत नको. रात्री अडीचला नर्स फाइल उघडत नाही.

एवढं झालं की एका रविवारी फोन बंद करून दिवसभर बाहेर जा. पत्नीला आणि मुख्य नर्सला सांगा, ही फाइल उघडून सोनोग्राफीचं मूळ प्रमाणपत्र, विमा पॉलिसी आणि थिएटरच्या औषध कपाटाची दुसरी किल्ली शोधा. संध्याकाळी परत आल्यावर यांपैकी जे सापडलं नाही, त्याची जागा पहिल्या पानावर लिहा.